जपून ठेवलेली अळिंबी पुन्हा उगवते का?

घरी अळिंबी पिकवायला लागलेला माणूस आधी तयार पिशवी आणतो, मग स्पॉनची पाकिटे आणतो. त्यातला एखादा चिवट निघाला तर काही काळाने त्याच्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यामागे काचेच्या नळ्या दिसू लागतात. त्या नळ्यांत संवर्धन असते, म्हणजे अगरच्या जेलीसारख्या तिरक्या थरावर वाढलेले बुरशीचे पांढरे जाळे. या जाळ्यापासून स्पॉन होते आणि स्पॉनपासून पीक. बंगळुरूत ही हौस रुजायला दोन गोष्टी अनुकूल ठरल्या आहेत, इथली हवा आणि हेसरघट्टा.

समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवरच्या या शहरात वर्षाचे बरेच महिने पारा 20 ते 30 अंशांच्या दरम्यान असतो, आणि धिंगरी अळिंबीला हवे असते तेही जवळपास तेवढेच. शहराच्या वायव्येला हेसरघट्ट्याला भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे. 1967 साली स्थापन झालेल्या या संस्थेची अळिंबी प्रयोगशाळा स्पॉन विकते, नुसते पाणी मारून पीक घेता येईल अशा पिशव्या देते आणि प्रशिक्षण वर्ग चालवते. जुनी मुळे आणखी थोडी दूर, म्हैसूरला सापडतात. तिथल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाकिया बानो आणि एच. सी. श्रीवास्तव यांनी 1962 साली भाताच्या पेंढ्यावर धिंगरी वाढवण्याचे काम प्रसिद्ध केले. आज देशभर प्लॅस्टिकच्या पिशवीत पेंढा भरून धिंगरी घेतली जाते, त्या पद्धतीच्या भारतातल्या सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी ही एक आहे.

तेव्हा पिशवीतून पीक घेणे हा आता वादाचा विषय राहिलेला नाही. खरा प्रश्न नळीचा आहे. पाच-दहा वर्षे जपलेल्या संवर्धनापासून घरच्या घरी चांगली अळिंबी मिळते का? एखादा वाण मनासारखा निघाला, तर तो कायमचा आपल्याजवळ ठेवता येतो का? आजवर झालेले काम पाहून माझे मत असे झाले आहे की संवर्धन जिवंत ठेवणे वाटते त्याहून सोपे आहे, आणि त्याचे गुण टिकवणे वाटते त्याहून पुष्कळ अवघड. हौशी मंडळींची बहुतेक निराशा हा फरक लक्षात न घेतल्याने होते.

संवर्धन आणि स्पॉन यांत नवे लोक नेहमी गल्लत करतात. स्पॉन म्हणजे ज्वारी, गहू किंवा नाचणीच्या शिजवलेल्या दाण्यांवर वाढवलेले बुरशीचे जाळे. ते बियाण्यासारखे पेरतात, पण बियाण्यासारखे साठवता येत नाही. फ्रीजमध्ये ते महिना-दीड महिना चांगले राहते, बाहेर ठेवले तर त्याहून लवकर पिवळे पाणी सोडू लागते. दाण्यांत अन्न भरपूर असते, म्हणून बुरशी थांबत नाही, खात राहते आणि म्हातारी होते. साठवायचे ते संवर्धन. त्यापासून मातृस्पॉन, मातृस्पॉनपासून पेरणीचे स्पॉन, अशी साखळी आहे. साखळीत एक पायरी वाढली की बुरशीचे वय वाढते आणि बाहेरचे जंतू घुसायला आणखी एक संधी मिळते.

मग साठवायचेच कशाला, दर वेळी नवे का आणू नये? याचे उत्तर बटन अळिंबीच्या इतिहासात आहे. नेदरलँड्समधल्या हॉर्स्ट येथील संशोधन केंद्रात गेर्डा फ्रिट्शे यांनी 1980च्या सुमारास संकरित वाण काढले. त्यांतला ‘यू-1’ इतका सरस ठरला की जगभरच्या बाजारातली पांढरी बटन अळिंबी आज बव्हंशी त्याच्याच नात्यातली आहे. जगातल्या एवढ्या मोठ्या पिकाचा जनुकीय पाया असा अरुंद झाला. उद्या एखादा रोग या गोतावळ्याला भारी पडला, तर पैदास करणाऱ्याला जुन्या आणि रानटी वाणांकडेच वळावे लागेल, आणि ते वाण मिळतील ते संग्रहालयांच्या नळ्यांतच. भाताच्या जुन्या वाणांबद्दल आपल्याकडे निदान चर्चा होते. अळिंबीच्या वाणांबद्दल होत नाही, याचे मला वाईट वाटते.

बुरशी झोपवून ठेवण्याच्या रीती गेल्या शतकाभरात बऱ्याच निघाल्या. सर्वांत जुनी आणि सर्वांत कष्टाची रीत म्हणजे तिरक्या नळीत वाढवायचे, फ्रीजमध्ये सुमारे 4 अंशांवर ठेवायचे आणि दर काही महिन्यांनी नव्या नळीत हलवायचे. याच नळीत निर्जंतुक खनिज तेल ओतून जाळे पूर्ण बुडवले तर प्राणवायू कमी पडतो, अगर सुकत नाही आणि संवर्धन वर्षानुवर्षे टिकते. बुएल आणि वेस्टन यांनी 1947 साली या रीतीवर सविस्तर लिहिले. मोठी संग्रहालये आज द्रव नायट्रोजनवर, म्हणजे उणे 196 अंशांवर भर देतात. ग्लिसरॉलसारखे संरक्षक द्रव्य घालून ठरावीक वेगाने गोठवलेल्या जाळ्यात त्या तापमानाला जवळजवळ काहीच घडत नाही. गोठवून सुकवण्याची रीत औषधी बुरशींच्या बीजाणूंना उत्तम लागू पडते. धिंगरी किंवा शिटाकेचे नुसते जाळे मात्र ती सहसा सोसत नाही, म्हणून खाद्य अळिंबीत तिचा उपयोग मर्यादित राहिला.

घरगुती माणसाच्या कामाची रीत यांत वेगळीच आहे आणि ती विलक्षण साधी आहे. इटालियन डॉक्टर आल्दो कास्तेल्लानी विसाव्या शतकाच्या आरंभी कोलंबोत काम करत होते आणि उष्ण कटिबंधातल्या त्वचारोगांच्या बुरशींचा त्यांना दांडगा अनुभव होता. 1939 साली त्यांनी दाखवून दिले की या बुरशी निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाण्यात नुसत्या ठेवल्या तरी दीर्घकाळ जगतात. पाण्यात साखर नाही, क्षार नाहीत, खायला काहीच नाही. उपाशी बुरशी वाढ थांबवते आणि वाट पाहत पडून राहते. पुढे हीच युक्ती लाकूड कुजवणाऱ्या बुरशींवर करून पाहण्यात आली, आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या बहुतेक अळिंब्या याच गटातल्या आहेत. अमेरिकेत बर्डसॉल आणि डॉरवर्थ यांनी 1994 साली सात वर्षांनंतरचे निष्कर्ष दिले, त्यांची बहुतेक संवर्धने जिवंत होती. थंड जागी पाण्यात ठेवलेली अनेक संवर्धने वीस वर्षांनीही उठल्याची नोंद त्यानंतर झाली आहे. छोटी कुपी, तीन-चार मिलिलिटर निर्जंतुक पाणी आणि वाढत्या कडेचे अगरचे चार-पाच बारीक तुकडे यांपलीकडे सामान लागत नाही. वीज गेली म्हणून काही बिघडत नाही. बंगळुरूतल्या फ्लॅटसाठी मी दुसरी कुठलीही पद्धत सुचवणार नाही.

मधाच्या पाण्यात बुरशी वाढवून ती बाटली फ्रीजमध्ये ठेवण्याची पद्धत हौशी लोकांत फार पसरली आहे. पेरणीआधी जाळे पटकन वाढवायला ती चांगली आहे. साठवणीला मात्र ती वाईट. गोड पाण्यात जिवाणू शिरले तर पाणी किंचित गढूळ दिसते, कधी तेही दिसत नाही, आणि दाण्यांचा आंबूस वास येईपर्यंत कळत नाही की आपण जाळे नव्हे, जिवाणू पेरले. साठवणीचे माध्यम कमी पोषणाचे असावे, हा नियम मोठ्या प्रयोगशाळाही पाळतात. बर्फाच्या कप्प्यात नळ्या ठेवणारेही भेटतात. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये तापमान दिवसभर खालीवर होत असते. अशा वेळी पेशींतले पाणी पुनःपुन्हा गोठते, वितळते आणि पेशी फाटतात.

फ्रीजबद्दलची आणखी एक गोष्ट दक्षिणेत राहणाऱ्याने विशेष लक्षात ठेवायला हवी. 4 अंश हे तापमान थंड प्रदेशातल्या जातींसाठी ठरलेले आहे. भाताच्या पेंढ्यावर येणाऱ्या चिनी अळिंबीचे जाळे त्या थंडीत मरते, ते 15 ते 20 अंशांच्या आसपासच ठेवावे लागते. गुलाबी धिंगरीही उष्ण प्रदेशातली आहे आणि तिलाही फ्रीज सोसत नाही. बंगळुरूच्या घरातले सावलीचे कपाट या जातींना फ्रीजपेक्षा बरे. ‘संवर्धन खराब निघाले’ अशी तक्रार असते, तेव्हा पुष्कळदा ते संवर्धन आपणच थंडीने मारलेले असते.

आता अवघड भागाकडे. समजा नळीतली बुरशी उठली, अगरच्या काचेच्या बशीत पांढरीशुभ्र पसरली. यावरून ती फळेल असे म्हणता येते का? येत नाही. बुरशीचे जाळे एका नळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत हलवताना आपण नकळत निवड करत असतो. बशीत जो भाग वेगाने पसरतो त्याचाच तुकडा पुढे जातो. अगरवर वेगाने पसरणे आणि पेंढ्यावर भरघोस अळिंबी देणे हे दोन निराळे गुण आहेत. पहिल्याची निवड करत राहिलो तर दुसरा हळूहळू हरवू शकतो. त्यात पेशीविभाजनात होणारे उत्परिवर्तन साचते, काही वेळा विषाणू जाळ्यात ठाण मांडून बसतात. बटन अळिंबीत विषाणूंमुळे उत्पन्न घसरते हे हॉलिंग्ज यांनी इंग्लंडमध्ये 1962 साली सिद्ध केले आणि पुढे धिंगरीतही असे विषाणू सापडले. वरून पाहिले तर संवर्धन ठणठणीत दिसते. पिशवीत मात्र नुसता कापसासारखा थर माजतो, गुंड्या, म्हणजे अळिंबीचे कोवळे अंकुर, उशिरा धरतात किंवा धरतच नाहीत. बशीत एखादा पाचर कापल्यासारखा वेगळा, फुललेला पट्टा दिसला तर ती धोक्याची खूण समजावी आणि त्या भागाला हात लावू नये.

ज्याच्याजवळ साधे सूक्ष्मदर्शक आहे त्याला आणखी एक तपासणी करता येते. धिंगरी, शिटाके, लायन्स मेन यांच्या फळणाऱ्या जाळ्यात दोन पेशींच्या सांध्यावर लहानसा बाकदार पूल दिसतो. हे पूल कुठेच दिसत नसतील तर ते जाळे एकेरी केंद्रकांचे असण्याची शक्यता मोठी, आणि तसे जाळे सहसा फळत नाही. बटन अळिंबीत हे पूल मुळातच नसतात, तेव्हा तिथे ही परीक्षा लागू नाही.

जिवंत असणे आणि फळणे यांतले अंतर किती मोठे असू शकते हे गोव्याइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी तिथली रोयण अळमी ही टर्मिटोमायसिस प्रजातीतली आहे. वाळवी आपल्या वारुळात या बुरशीची बाग राखते आणि दोघांचे जगणे एकमेकांवर अवलंबून असते. गोवा विद्यापीठातील डॉ. नंदकुमार कामत यांनी या प्रजातीचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि रानातून होणारी बेसुमार तोड थांबावी म्हणून सतत लेखन केले. त्या विद्यापीठात कवकांचा संवर्धन संग्रहही आहे. टर्मिटोमायसिसचे जाळे प्रयोगशाळेत वाढवता येते, जपताही येते. पण वाळवीवाचून त्यावर भरवशाने अळमी आणण्याचे तंत्र पिकवणाऱ्यांच्या हाती आलेले नाही. बाजारात कुणी या जातीचे ‘घरी पिकवायचे स्पॉन’ देऊ करत असेल तर पैसे घालवू नयेत.

मग दीर्घकाळ जपण्याचे काम कुणाचे? माझ्या मते ते संस्थांचे आहे आणि सुदैवाने भारतात अशा संस्था आहेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत 1936 सालापासून कवकांचा संग्रह आहे. चंडीगडचा सूक्ष्मजीव संग्रह 1986 पासून चालतो. हिमाचलातल्या सोलनला 1983 साली अळिंबीसाठी राष्ट्रीय केंद्र निघाले, 2008 साली त्याचे संचालनालय झाले आणि अळिंबीच्या वाणांची देशातली मुख्य जनुकपेढी तिथेच आहे. मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा संग्रह पुण्यात आहे. मालवणचे वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने 1946 साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली, तिच्या संशोधन संस्थेला 1992 साली आघारकरांचे नाव देण्यात आले. राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रह याच आघारकर संशोधन संस्थेत आहे. शेजारी वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे, त्याला आजरेकरांचे नाव आहे. श्री. ल. आजरेकर हे पश्चिम भारतातल्या कवकशास्त्राच्या पायाभरणीतले मोठे नाव. जगात याहून जुने संग्रह आहेत, नेदरलँड्समधला 1904 सालचा आहे. पण आपल्या दारात असलेल्या या ठेव्याची माहिती पुण्यातल्याही फार थोड्यांना असते. पुण्याच्याच कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्पाचे केंद्र आहे आणि तिथे प्रशिक्षण मिळते, ही बाब बंगळुरूतल्या मराठी माणसाने गावाकडच्या नातलगांना जरूर सांगावी.

संस्थेच्या संग्रहात आणि घरच्या फ्रीजमध्ये खरा फरक नायट्रोजनच्या टाकीचा नाही, नोंदीचा आहे. वाण कुठून आला, कुणी वेगळा केला, कितव्या पिढीचे संवर्धन आहे, शेवटचे पीक कधी घेऊन पाहिले, हे सगळे तिथे लिहिलेले असते. घरी नळीवर ‘धि-2’ एवढेच असते, आणि काही वर्षांनी त्याचा अर्थ लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. शास्त्रीय नाव, मूळ जागा, तारीख आणि पिढीचा आकडा पेन्सिलने लिहिलेली पट्टी कुपीवर हवी. पेन्सिल अशासाठी की स्पिरिट लागले की पेनाची शाई पुसते.

जुने संवर्धन उठवताना घाई नको. कुपी फ्रीजमधून काढून एक दिवस खोलीच्या तापमानाला ठेवावी. मग स्पिरिटच्या दिव्याजवळ अगरचा एक तुकडा ताज्या, बटाट्याच्या किंवा माल्टच्या माध्यमावर ठेवावा. धिंगरी चार-पाच दिवसांत हलू लागते, म्हाताऱ्या संवर्धनाला दोन आठवडेही लागतात. वाढत्या कडेचा बारीक तुकडा पुन्हा नव्या बशीत घ्यावा. दोन वेळा असे स्वच्छ हलवल्यावरच दाण्यांकडे वळावे. मूळ कुपी संपवू नये, त्यातले निम्मे तुकडे तरी मागे ठेवावेत. सूक्ष्म कोळी नळीत शिरले असतील तर बशीत त्यांच्या पायवाटेवर हिरव्या बुरशीचे ठिपके उगवतात. अशी बशी न उघडता कुकरमध्ये शिजवून टाकून द्यावी, कारण हे कोळी कपाटातल्या सगळ्या नळ्या नासवतात.

दाणे निर्जंतुक करताना बंगळुरूची उंची मध्ये येते. इथे पाणी 97 अंशांच्या आसपासच उकळते. त्यामुळे उघड्या पातेल्यात ‘उकळून निर्जंतुक’ केलेले दाणे समुद्रकाठच्यापेक्षाही कच्चे राहतात. पंधरा पौंड दाबाचा घरगुती कुकर कोकणात 121 अंशांपर्यंत जातो, इथे तो दीड-पावणेदोन अंश मागे राहतो. म्हणून पुस्तकात तासभर सांगितले असेल तर इथे दीड तास धरावा आणि तळाशी पाणी पुरेल याची काळजी घ्यावी. ज्वारी आधी अर्धवट शिजवून, वरचे पाणी पूर्ण सुकवून, थोडे जिप्सम आणि खडूची भुकटी लावून भरायची असते. दाणा फुटला तर चिकटतो आणि तिथेच जिवाणू धरतात. नाचणी कर्नाटकात मुबलक मिळते, तिचे दाणे बारीक असल्याने पेंढ्यात ठिणगीसारखे सगळीकडे पसरतात आणि जाळे एकाच वेळी अनेक जागांहून वाढते. ती शिजवताना मात्र गाळ होऊ न देणे हेच कौशल्य.

कुठली जात घ्यायची याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पांढरी, करडी आणि गुलाबी धिंगरी बंगळुरूत जून ते फेब्रुवारी निर्धास्त घ्यावी. भाताचा पेंढा बोटभर तुकडे करून रात्रभर भिजवायचा, 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचा, निथळून मूठ आवळल्यावर थेंब पडणार नाही इतपत ओला राखायचा. पंधरा-वीस दिवसांत पिशवी पांढरी होते, भोके पाडली की चार-पाच दिवसांत गुंड्या धरतात. एक किलो वाळल्या पेंढ्यामागे दोन-तीन तोडींत पाऊण ते एक किलो ताजी धिंगरी आली की संवर्धन उत्तम समजावे. पेंढा कार्बेन्डाझिम आणि फॉर्मालिनच्या पाण्यात बुडवण्याची पद्धत व्यापारी उत्पादकांत रूढ आहे. राहत्या घरात, लहान मुलांच्या वावरात ती मुळीच करू नये.

मार्चपासून दुपारची हवा कोरडी होते आणि पारा 34 अंशांपर्यंत चढतो. तेव्हा दुधी अळिंबीकडे वळावे. बंगालात सापडलेली ही जात पुरकायस्थ आणि चंद्र यांनी 1974 साली नोंदवली आणि तमिळनाडू कृषी विद्यापीठाने नव्वदच्या दशकात तिचे व्यापारी तंत्र बसवले. दक्षिणेच्या उन्हाळ्याची ती खरी अळिंबी आहे, ताजी तोडलेली धिंगरीपेक्षा जास्त दिवस टिकते, आणि उपाहारगृहांनी तिच्याकडे अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मला वाटते. लायन्स मेन आणि शिटाके यांना निर्जंतुक केलेला लाकडाचा भुसा आणि कोंडा लागतो, शिवाय 20 अंशांच्या आसपासचा गारवा. शिटाकेचा ठोकळा तपकिरी होऊन फळायला दोन-तीन महिने घेतो. बंगळुरूत या दोघांची वेळ डिसेंबर-जानेवारी, तीही आतल्या थंड खोलीत. कॉफीच्या मळ्यांमुळे सिल्व्हर ओकचा भुसा इथे सहज मिळतो, पण ते झाड खऱ्या ओकच्या कुळातले नाही, तेव्हा परदेशी पुस्तकातले ओकचे प्रमाण त्याला जसेच्या तसे लावू नये. बटन अळिंबीला 14 ते 18 अंश आणि कंपोस्ट लागते, घरगुती हौशीने तिच्या वाटेला न गेलेले बरे. कॉफीचा चोथा या शहरात रोज ताजा मिळतो. तो पेंढ्यात थोडा मिसळायला चांगला आहे, पण नुसत्या चोथ्यावर हिरवी बुरशी धिंगरीच्या आधी पोचते.

आरोग्याच्या दोन गोष्टी राहिल्या. धिंगरी बीजाणूंचा धूर सोडते, आणि बंद जागेत तो श्वासात जात राहिला तर फुप्फुसांना सूज येऊ शकते. अळिंबी कामगारांत हा आजार डॉक्टरांना चांगला परिचित आहे. पिशव्या झोपायच्या खोलीत नकोत, युटिलिटीत किंवा बाल्कनीत सावलीला, गोणपाटाच्या आडोशाने ठेवाव्यात आणि छत्रीची कड सपाट होण्याआधी तोड करावी. दुसरी गोष्ट, नाव-पत्ता नसलेल्या जुन्या नळीतून जे उगवेल ते खाऊ नये. ते दिसायला कितीही धिंगरीसारखे असले तरी खाऊ नये.

परदेशातून टपालाने संवर्धने मागवण्याचा मोह अनेकांना होतो. 2003च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार जिवंत सूक्ष्मजीव संवर्धने परवान्याशिवाय देशात आणता येत नाहीत, आणि हा नियम योग्यच आहे. संवर्धनाबरोबर कोळी, विषाणू आणि परक्या बुरशी येतात. हेसरघट्टा, सोलन, पुणे इथून जे रीतसर मिळते त्याने कुठल्याही हौशी माणसाची हौस पुरते. बाजारातल्या ताज्या, कोवळ्या धिंगरीचे देठ उभे फाडून आतला कण अगरवर ठेवला तरी त्याच वाणाचे नवे संवर्धन मिळते. घरी करण्याजोग्या कामांत हे मला सर्वांत आनंदाचे वाटते. बीजाणूंचा छाप कागदावर घेऊन ठेवला तर तोही टिकतो, मात्र त्यातून निघणारी पिढी मूळ वाणासारखीच असेल असे नाही.

आता ज्यांच्या फ्रीजमध्ये जुन्या नळ्या आहेत त्यांच्यासाठी. त्या फेकू नका आणि त्यांच्यावर भरवसाही ठेवू नका. पावसाळ्यात एक नळी उठवा, तिच्या स्पॉनची एक पिशवी भरा, शेजारी त्याच दिवशी, त्याच पेंढ्यावर हेसरघट्ट्याहून आणलेल्या ताज्या स्पॉनची दुसरी पिशवी भरा. दोन्हींचे पहिल्या दोन तोडींचे वजन लिहून ठेवा. जुनी नवीच्या बरोबरीने चालली तर तिचे तुकडे पाण्याच्या पाच-सहा कुप्यांत भरून वर तारीख घाला, आणि एक कुपी दुसऱ्या कुणा पिकवणाऱ्याच्या घरी ठेवायला द्या. मागे पडली तर ती नळी कुकरमध्ये शिजवून टाका आणि ताजे संवर्धन घ्या. रानातून किंवा गावाकडून आणलेल्या, खात्रीने ओळख पटलेल्या एखाद्या वाणाचे संवर्धन तुमच्याजवळ असेल आणि ते दुसरीकडे कुठे नसेल, तर मात्र ते घरी अडकवून ठेवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रहाला पत्र लिहा आणि ते तिथे जमा करा.